दूध आटवायचं, पण बेतानं

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, पन्हाळा, कुठल्याही गोठ्यात जाऊन विचारा की गाभण म्हैस आटवायची कशी. जाणता माणूस सांगेल: भरल्या कासेची धार एकदम बंद करायची नाही. दोन वेळची एक वेळ करायची, मग एक दिवसाआड, पेंड कमी करायची आणि रोज कासेला हात लावून बघायचं. घाई केली तर दगडी (कासेची सूज) होते, सड जातो. बाळंतिणीला म्हशीची उपमा दिलेली घरच्या मोठ्यांना रुचणार नाही. पण दूध येण्याचा आणि आटण्याचा नियम दोन्हीकडे एकच आहे, आणि गोठ्यात जे सगळ्यांना ठाऊक असतं तेच घरात बरोबर विसरलं जातं.

या लेखात दोन प्रश्न एकत्र घेतलेत, कारण ते बऱ्याचदा एकाच बाईच्या वाट्याला येतात. पहिला, गरजेपेक्षा जास्त दूध येणं. दुसरा, बाळाला अंगावरून हळूहळू तोडून डब्याच्या दुधावर आणणं. छाती सदा दाटलेली, बाळ पिताना ठसकतंय, महिन्यातून एकदा गाठ ठरलेली, आणि वर गोकुळ शिरगावच्या कंपनीतली रजा संपत आलेली, असं सगळं एकदम येतं. सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षं किंवा जास्त काळ वरच्या अन्नासोबत ते चालू ठेवावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस माहीत नसलेली आई आता शोधून सापडायची नाही. तेव्हा त्यावर इथे प्रवचन नाही. एवढं मात्र लक्षात असू द्या की तोडणं म्हणजे पूर्णच तोडणं असं नसतं. सकाळचं आणि झोपतानाचं पाजणं ठेवून दिवसा डबा, असं कितीतरी घरांत महिनोन्‌महिने छान चालतं.

दूध वाढतं कशानं

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं ते शरीरातल्या संप्रेरकांच्या जोरावर. बाळ किती पितंय याचा हिशेब तेव्हा शरीराकडे नसतो, म्हणून सुरुवातीला अंदाजानं जास्तच तयार होतं. पुढच्या चार-सहा आठवड्यांत कारभार बदलतो. आता स्तन स्वतःच ठरवतो. जितकं बाहेर गेलं तितकं नवं भरायचं आणि आत राहिलं तर वेग कमी करायचा. साठलेल्या दुधाचा ताण आणि त्या दुधातलेच काही घटक मिळून 'आता पुरे' असा निरोप देतात. हा निरोप प्रत्येक बाजूला वेगळा जातो. म्हणून एकच बाजू जास्त पाजली तर तीच मोठी दिसायला लागते.

एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर आईचं दूध लागतं. बाळागणिक यात बराच फरक असतो. बाळ पिऊन तृप्त झाल्यावरही दोन तासांत पुन्हा छाती दगडासारखी होत असेल, पाजताना दुसऱ्या बाजूनं ओढणी भिजत असेल, गाठी परत परत येत असतील आणि बाळंतपणाला दीड महिना उलटून गेला असेल, तर दूध जास्त आहे असं धरायला हरकत नाही. दीड महिन्याच्या आत मात्र हे सगळं नेहमीचंच. तेव्हा कमी करण्याच्या मागे लागू नका, नाहीतर पुढे खरंच कमी पडेल.

बाळाकडे बघूनही कळतं. पान्हा फुटला की ते गटागट गिळतं, ठसकतं, डोकं मागे टाकून तोंडातून सोडतं आणि रडतं. पोट गच्च होतं, वारा सरतो, शी हिरवी आणि फेसाळ होते. वजन मात्र भरभर वाढत असतं. हिरव्या शीचं कारण असं: पाजण्याच्या सुरुवातीच्या दुधात स्निग्धांश कमी असतो, तो हळूहळू वाढत जातो. दूध जास्त असलं की बाळाचं पोट त्या पहिल्या दुधानंच भरतं. स्निग्धांश कमी पडल्यानं ते पोटातून भरकन पुढे सरकतं, त्यातली साखर आतड्यात पूर्ण पचत नाही आणि फेस होतो.

घरात याचा अर्थ नेमका उलटा लावला जातो. "दूध पातळ आहे, बाळाचं पोटच भरत नाही." म्हणून दर वेळी दोन्ही बाजू पाजल्या जातात, वर पंपानं काढून 'रिकामं' केलं जातं, आणि अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, मेथी, खसखस यांचा मारा वाढतो. शरीराला कळतं ते एवढंच की मागणी वाढली. या पदार्थांनी दूध किती वाढतं याचे पुरावे तसे कच्चेच आहेत, पण ज्या बाईला आधीच भरपूर आहे तिला ते देण्यात काहीच हशील नाही. लाडू वाया घालवू नका. बाळाच्या बाबांना चालतात.

काही वेळा कारण वेगळं असतं. थायरॉईडचा बिघाड, किंवा मळमळीसाठी दिलेली डोमपेरिडोनसारखी गोळी. पंप नाही, लाडू नाहीत आणि तरी दूध आवरत नसेल तर रक्ततपासणी करून घ्यावी. शीमध्ये रक्त दिसलं, बाळ जोरानं ओकू लागलं किंवा वजन वाढायचं थांबलं, तर तो जास्त दुधाचा प्रश्न समजू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आधी पूर ओसरू द्या

तोडायचं असो वा नसो, जास्तीचं दूध आधी आटोक्यात आणलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

सगळ्यात सोपा बदल बसण्याचा. पाठीला उशा लावून मागे रेलून बसा आणि बाळाला छातीवर पालथं घ्या. दूध वर चढून जावं लागल्यामुळे धारेचा जोर मोडतो. पान्हा फुटताना पहिली जोराची धार सुती फडक्यात जाऊ द्या आणि मग बाळाला लावा. मध्ये दोन-तीनदा उभं धरून ढेकर काढा.

यानं भागलं नाही तर वेळ बांधून एकच बाजू पाजायची. सकाळी ६ ते ९ बाळ कितीही वेळा मागो, फक्त उजवी. ९ ते १२ फक्त डावी. जी बाजू थांबलेली आहे ती भरत जाते आणि तिथून 'पुरे'चा निरोप जातो. थांबलेल्या बाजूला असह्य ताण आला तर हातानं चमचा-दोन चमचे काढा, ताण सैल होईपर्यंतच. तिथे पंप लावू नका. पंप कधी थांबायचं ते सांगत नाही, आणि काढलेला प्रत्येक चमचा उद्याची मागणी म्हणून नोंदला जातो. फरक बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जाणवू लागतो. चार-पाच दिवसांत काहीच हललं नाही तर तीनाचे चार तास करा. छाती मऊ राहू लागली की हा प्रकार थांबवायचा, कारण तो चालू ठेवला तर दूध गरजेच्याही खाली जातं. या काळात बाळाच्या ओल्या लंगोटांवर लक्ष ठेवा. दिवसाला सहा किंवा जास्त हव्यात. आठवड्याला एकदा अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून घ्या.

ज्यांची गाडी पंपावरच अडली आहे त्यांनी पंप एकदम सोडू नये. एका वेळी १५० मिलिलिटर निघत असेल तर दोन-तीन दिवस १३० वर थांबा, मग ११०. किंवा २० मिनिटांची १७ करा, मग १४. आणि पंप तसा चालूच असेल तर निघालेलं दूध ओतून देऊ नका. आशियातली पहिली मानवी दूध पेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता अशा पेढ्या इतरत्रही आहेत. तिथे आईची रक्ततपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून कमी दिवसांच्या बाळांना दिलं जातं. जिल्ह्यातली जवळची पेढी कुठली ते प्रसूती झालेल्या रुग्णालयात विचारा. दान करायचं म्हणून पंप वाढवणं मात्र नको, मग तुमचा प्रश्न होता तिथेच राहील.

पाणी कमी पिण्यानं दूध कमी होत नाही. डोकं तेवढं दुखतं. छाती कापडानं आवळून बांधणं त्याहून वाईट, त्यानं गाठीच होतात. बेताची घट्ट, तार नसलेली ब्रा पुरे. दक्षिणेत मोगऱ्याची फुलं छातीशी बांधतात, अन्यत्र कोबीची गार पानं ठेवतात. गारव्यानं आराम पडतो, तेवढ्यापुरतं करायला हरकत नाही. कोबीचं पान धुऊन, फ्रीजमध्ये गार करून, जाड शीर लाटण्यानं चेपून ठेवावं आणि ते कोमेजलं की काढावं. बोंडावर ठेवू नये.

गाठ आली तर

शेकशेगडीची सवय असलेल्या घरात पहिला उपाय असतो गरम शेक आणि दुसरा, मालीशवाल्या मावशींचा अंगठा. दोन्हींनी नुकसान होतं. पूर्वी समज असा होता की नळीत दुधाचा गोळा अडकतो आणि तो चोळून बाहेर काढायचा. आता कळतं ते असं की नळीभोवतीची जागा सुजते आणि त्या सुजेनं बारीकशी नळी दाबली जाते. सुजलेल्या जागी अंगठ्यानं रगडलं की आतला नाजूक भाग आणखी फाटतो आणि सूज वाढते. मुरगळलेला पाय कोणी रगडत नाही, तसंच हे.

म्हणून गारवा द्यायचा. बर्फ पातळ पंचात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, तासा-दोन तासांनी पुन्हा. हात फिरवायचाच असेल तर कातडीवरून अलगद, काखेच्या दिशेनं, मांजरावरून फिरवतो तितक्याच भारानं. त्या बाजूला बाळाला नेहमीसारखं पाजा. कमी नको आणि 'मोकळं करायचं' म्हणून जास्तही नको. दुखत असेल तर पोटात काहीतरी घालून मग आयब्युप्रोफेनची गोळी. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते, पण आम्लपित्त, अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

ताप १०१ च्या वर, थंडी वाजून अंग मोडून आलं, छातीवर लाल चट्टा, आणि चोवीस तासांत उतार नाही, तर दवाखाना गाठा. प्रतिजैविक लागू शकतं. या दिवसांत तोडण्याचा कार्यक्रम थांबवायचा. सुजलेल्या स्तनात दूध तसंच कोंडून ठेवलं तर आत पू होतो, आणि मग सुईनं काढा नाहीतर चिरा द्या, हे ओघानं येतं. तापातलं दूध बाळाला बाधत नाही.

तोडण्याचं वेळापत्रक

समजा, बाळ साडेचार महिन्यांचं, सहा किलोचं आणि दिवसाला सात वेळा पितंय: पहाटे साडेपाच, मग साडेआठ, साडेअकरा, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेआठ आणि मध्यरात्री दीड. यातली दुपारी अडीचची वेळ पहिली सोडायची. दुपारी दूध सकाळपेक्षा कमी असतं आणि बाळाचा जीवही त्यात फारसा गुंतलेला नसतो. त्या जागी डब्याचं दूध द्या आणि पाच दिवस बाकी काहीही बदलू नका. सहाव्या दिवशी सकाळची साडेआठची सोडा. लागून असलेल्या दोन वेळा एकापाठोपाठ सोडायच्या नाहीत. मधली फट एकदम सहा तासांवरून नऊवर गेली की छाती बोंबलणारच. मग संध्याकाळी साडेपाचची, मग साडेअकराची. तोवर दूध इतकं उतरलेलं असतं की मोठी फट जाणवत नाही. त्यानंतर मध्यरात्रीची. शेवटी राहतात पहाट आणि झोपताना. यातली कुठली आधी सोडायची ते बाळ ठरवेल.

सात वेळा, दर वेळेला पाच दिवस, म्हणजे पाच आठवडे. ज्यांना मुळात दूध जास्त आहे त्यांनी पाचाचे सात दिवस धरावेत. हे गणित रजेच्या तारखेपासून उलटं मांडा. पगारी प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळते, हे २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे, आणि त्यातली काही बाळंतपणाआधीच संपलेली असते. कामावर जायच्या आदल्या आठवड्यात सुरुवात केली तर पहिल्या दिवशी ओली ओढणी आणि तिसऱ्या दिवशी ताप, हे होणारच.

सोडलेल्या वेळेला छाती भरून येणार. लगेच काढू नका. अर्धा तास थांबून बघा, बऱ्याचदा ताण आपोआप ओसरतो. नाहीच ओसरला तर न्हाणीत हातानं थोडंसं, सैल वाटेपर्यंत. रोज आदल्या दिवशीपेक्षा कमी. एखाद्या टप्प्यावर गाठ जाणवली तर मागे या, सोडलेली वेळ दोन दिवस पुन्हा पाजा आणि मग पुढे जा. यात हरल्यासारखं काही नाही.

बाळ आजारी असताना, लस दिल्याच्या दोन दिवसांत किंवा घर बदलताना सुरुवात करू नका. आणि कोल्हापूरकरांनी पावसाळ्याचाही विचार करावा. २०१९ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. वीजही नव्हती. अशा दिवसांत डब्याच्या दुधाला लागणारं स्वच्छ पाणी, गॅस आणि भांड्यांची सफाई जमवणं किती जड जातं ते पूरपट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको. शाहूपुरी, दुधाळीसारख्या सखल भागात राहत असाल तर जुलै-ऑगस्टपुरतं तरी अंगावरचं दूध पूर्ण बंद न करणंच बरं.

डबा उघडण्याआधी

कुठल्या कंपनीचा घ्यावा, हे आम्ही सांगणार नाही. १९९२ च्या कायद्यानं, आणि २००३ च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक झाल्यावर, अशा दुधाची जाहिरात, सवलत, फुकट नमुने सगळ्यावर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. सहा महिन्यांपर्यंत १ क्रमांकाचा, पुढे २ क्रमांकाचा डबा, बालरोगतज्ज्ञांना विचारून. डब्यातला मापाचा चमचा त्याच डब्याचा. दुसऱ्या कंपनीच्या डब्यात तो वापरायचा नाही, मापं वेगळी असतात.

पावडर निर्जंतुक नसते, ही गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. डबा सीलबंद असला तरी तीत जंतू असू शकतात, आणि लहान बाळाला त्यातले काही जिवावरचे ठरतात. म्हणून पाणी नुसतं उकळून गार केलेलं चालत नाही. पावडर टाकताना ते किमान ७० अंश सेल्सिअस हवं, म्हणजे पावडरीतले जंतूही मरतात. घरात थर्मामीटर नसतो, तेव्हा हिशेब असा: एक लिटर पाणी खळखळून उकळा, झाकण ठेवा, अर्ध्या तासाच्या आत वापरा. वाटीभर पाणी उकळलंत तर ते दहा मिनिटांतच निवतं, त्याला हा हिशेब लागू नाही. रात्रीसाठी उकळतं पाणी स्वच्छ थर्मासमध्ये भरून ठेवलं तर सोय होते. काही डब्यांवर कोमट पाणी वापरायला सांगितलेलं असतं, कारण त्यात जिवंत उपयुक्त जंतू घातलेले असतात. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा कमी दिवसांचं असेल तर तो डबा घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आता माप. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असं असतं. तरी लेबल वाचा. पाणी आधी मोजून घ्यायचं, पावडर नंतर. चमचा भरला की सुरीच्या पाठीनं वरचा उंचवटा सारून टाकायचा. दाबून भरायचा नाही, डब्यावर आपटायचा नाही. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. आजीच्या हातचा चमचा मायेनं शिगोशीग भरतो आणि बाळाला बद्धकोष्ठ होतं, तहान लागते, किडनीवर भार पडतो. उलट डबा पुरवायचा म्हणून चार चमच्यांच्या पाण्यात तीनच टाकले तर बाळ पीत राहतं आणि वजन अडतं.

दिवसाला किती? वजनाच्या किलोमागे साधारण १५० मिलिलिटर. सहा किलोला ९००, सात वेळांत वाटले तर एका वेळी १३० च्या आसपास. १२० मिलिलिटर पाणी आणि चार चमचे पावडर घेतली की बरोबर तेवढंच तयार होतं. पूर्ण डब्यावर आल्यावर दिवसाला अंदाजे १२० ग्रॅम पावडर लागते, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा सव्वातीन-साडेतीन दिवसांत संपतो. महिन्याचं बजेट आधीच मांडून ठेवा. पाणी वाढवण्याचा मोह तिथूनच सुरू होतो.

तयार झालेली बाटली किंवा वाटी गार पाण्याच्या पातेल्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. बनवल्यापासून दोन तासांत आणि पाजायला सुरुवात केल्यापासून एका तासात संपवा. उरलेलं टाकून द्या. एप्रिलच्या उन्हाळ्यात तर याहून लवकर. डबा फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, पावडरीला ओल धरते. उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीत, साधारण महिन्याच्या आत, संपवा. साखर, मध, बिस्किट, घुटी यातलं काहीही त्यात मिसळायचं नाही. मध तर वर्षाच्या आत कुठल्याही रूपात नको.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) चांगलं, कारण बाटलीचं रबर नीट स्वच्छ होत नाही. चांदीचं बोंडलं कपाटात असेल तर बाहेर काढा, पण चोचीच्या आत ब्रश जातो का ते आधी बघा. भांडी साबणानं घासून, बुडतील इतक्या पाण्यात दहा मिनिटं उकळायची. पाजताना बाळ बसतं धरायचं, दूध ओठाला लावायचं, ओतायचं नाही. पहिले काही दिवस आईनं खोलीबाहेर थांबावं. आईच्या अंगाचा वास आला की बाळ वाटीकडे बघतसुद्धा नाही. बाबा, आजी, आत्या, कोणीही चालेल.

शी घट्ट होणं, वास येणं, रंग पिवळसर-तपकिरी किंवा हिरवट होणं, हे नेहमीचं. अंगावर गांधी, वारंवार उलट्या, शीमध्ये रक्त, असं काही दिसलं तर दूध थांबवून डॉक्टर गाठा. डब्यातल्या गाईच्या दुधाच्या प्रथिनांची काही बाळांना ॲलर्जी असते.

गंगावेशीतलं दूध बाळासाठी नाही

दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून फेसाळ पेला हातात देणारं हे कोल्हापूर. इथे "डबा कशाला, म्हशीचं पाणी घालून द्या की" असं कोणीतरी म्हणणारच. आईच्या दुधात प्रथिनं जेमतेम १ टक्का असतात, म्हशीच्या दुधात त्याच्या चौपट. एवढी प्रथिनं आणि क्षार बाहेर टाकायला बाळाच्या किडन्या तयार नसतात. पाणी घालून प्रथिनं खाली आणली तर उष्मांकही खाली जातात, लोह तर मुळातच नगण्य असतं. धारोष्ण कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलाचे (लांबणाऱ्या तापाचे) जंतू येऊ शकतात, ते वेगळंच. सहा महिन्यांच्या आत जनावराचं दूध नकोच. पुढेही वर्षापर्यंत मुख्य दूध म्हणून ते द्यायचं की नाही, ते बालरोगतज्ज्ञांना विचारून. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, मऊ खिचडी सुरू झाली की डब्याच्या दुधाचं माप आपोआप खाली येतं.

आईचं काय

दूध बंद करण्याच्या गोळ्या आहेत, कॅबरगोलिन त्यातली मुख्य. बाळ दगावलं किंवा वैद्यकीय कारणानं पाजताच येत नसेल तेव्हा डॉक्टर ती देतात. रक्तदाब असलेल्या बाईला ती धोक्याची ठरू शकते, म्हणून शेजारणीनं घेतली म्हणून दुकानातून आणायची नाही. सवडीनं तोडायला वेळ असेल तर तिची गरजही पडत नाही.

पाजणं कमी झालं की पाळी परत येते. नुसत्या पाजण्यावर भरवसा ठेवून दिवस टाळत असाल तर तो भरवसा पहिला डबा उघडला त्या दिवशी संपला, दुसरं साधन लगेच ठरवा. संप्रेरकं खाली उतरताना काही दिवस रडू येतं, चिडचिड होते, झोप लागत नाही. हे दोन आठवड्यांपलीकडे टिकलं, किंवा बाळाकडे बघावंसंच वाटेना, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. 'तोडलंस म्हणून असं होतंय' असं म्हणणाऱ्यांना मात्र काही सांगायची गरज नाही.

शेवटचं पाजणं बंद झाल्यावरही काही आठवडे थेंब येत राहतात. गरम पाण्यानं अंघोळ करताना, दुसऱ्याचं बाळ रडलं तरी. सहा महिन्यांनंतरही येत राहिले तर तपासून घ्या. तोवर ब्रामध्ये सुती फडक्याची घडी ठेवा, आणि अजून राहिलंय का ते दाबून बघू नका. दाबलं की शरीराला वाटतं कोणीतरी मागतंय.